पहिली पावती कुणाच्या नावाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी तुम्ही सहा वर्षं हंगामी वसतिगृह चालवताय. दरवर्षी अहवाल छापता. त्यात शाळागळती, हजेरी, खर्चाचे तक्ते, सगळं चोख असतं. ज्यांना पाठवता ते "फार छान काम करताय" म्हणतात, पण पैसे देत नाहीत. जे देतात ते एकदाच देतात. माणूस देणगी देतो तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय चाललेलं असतं, आणि काम पटलेली माणसंही हात का आखडतात, हे तुम्हाला हवंय.

मी सव्वीस वर्षं हेच करतोय. सुरुवात सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेच्या खोल्यांसाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरण्यापासून झाली. पुढे पुण्यात तीन-चार संस्थांसाठी निधी गोळा केला. तुमचा अहवाल मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि खरं सांगतो, तो वाचून मीही काही दिलं नसतं. अहवालात चूक नाही. त्यामागच्या समजुतीत आहे. आधी पटतं आणि मग माणूस देतो, असं तुम्ही धरून चाललात. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. माणूस आधी देऊन बसतो, मग आपण का दिलं याचं कारण शोधतो. तुमच्या अहवालाचा उपयोग त्या वेळी होतो.

मुळात तुम्ही मागितलेलंच नाहीत. शेवटच्या पानावर बँक खात्याचा तपशील छापला म्हणजे मागितलं असं होत नाही.

अमेरिकेत नाताळच्या दिवसांत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे स्वयंसेवक दुकानांबाहेर लाल डबा ठेवून घंटा वाजवत उभे असतात. जेम्स अँड्रिओनी या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन परिसरातल्या एका सुपरमार्केटच्या दारांवर याचाच प्रयोग केला. काही वेळा स्वयंसेवक नुसती घंटा वाजवायचे, काही वेळा येणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून "कृपया द्या" असं म्हणायचे. तोंडाने मागितलं तेव्हा देणाऱ्यांची संख्या ५५ टक्क्यांनी वाढली, रक्कम ६९ टक्क्यांनी. गंमत पुढेच आहे. मागणारा एकाच दारावर असला की जवळजवळ एक तृतीयांश लोक वळसा घालून दुसऱ्या दाराने जायचे.

आपल्याला हे नवीन नाही. गणपतीच्या वर्गणीला मुलं जिना चढू लागली की तिसऱ्या मजल्यावर टीव्हीचा आवाज बंद होतो, आणि लहान मुलगा दार किलकिलं करून सांगतो, "बाबा घरी नाहीत." ते बाबा कंजूष असतात असं नाही. दार उघडलं तर आपल्याला नाही म्हणता येणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. मराठीत या गोष्टीला नेमका शब्द आहे, भीड.

भिडेचं वजनही मोजलं गेलंय. शिकागोच्या आसपासच्या वस्त्यांत डेलाविन्या, लिस्ट आणि मालमेंडिएर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी दारोदार देणग्या मागायला माणसं पाठवली. काही घरांच्या दाराला आदल्या दिवशी चिठ्ठी अडकवली: उद्या अमुक वेळेला देणगी मागायला येत आहोत. त्या घरांत दार उघडण्याचं प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटलं. चिठ्ठीवर 'आम्हाला त्रास देऊ नका' अशी खूण करायची सोय ठेवली, तेव्हा देणाऱ्यांची संख्या २८ ते ४२ टक्क्यांनी खाली आली. हे निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाले. यातली माझ्या कामाची ओळ वेगळीच आहे. घट झाली ती मुख्यतः दहा डॉलरच्या आतल्या देणग्यांत. मोठी रक्कम देणारे चिठ्ठी वाचूनही दारात आले.

म्हणजे आपल्या भाषेत, एकावन्न रुपये भिडेचे असतात आणि पाच हजार एक मनापासूनचे. अगदी दर वेळी नाही, पण अंदाज बांधायला पुरेसं. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण नाही म्हणता न येणाऱ्यासाठी आहे. मी ती मागणाऱ्यालाही लावतो. भिडेनं मिळालेला पैसा शेवटी भीकच ठरतो. तो देणारा पुढच्या वर्षी तुम्हाला पाहून रस्ता बदलतो, आणि तुमची एकदाच देणारी मंडळी बहुधा यातलीच आहेत. तुमच्या विश्वस्तांपैकी कोणी तरी लग्नात, बँकेत, फिरायला गेल्यावर गळ घातली असणार. पावती फाडून झाली आणि विषयही तिथेच संपला.

मग जे मनापासून देतात, ते कशासाठी? याच अँड्रिओनींनी १९९० च्या सुमारास एक साधा मुद्दा मांडला होता. माणसाला फक्त मुलांचं शिक्षण व्हायला हवं असेल, तर दुसऱ्या कोणी मोठी देणगी दिल्यावर त्यानं आपली रक्कम तेवढी कमी करायला हवी. काम तर होतंच आहे. प्रत्यक्षात लोक तसं फारसं करत नाहीत. त्यांना काम व्हायला हवंच असतं, शिवाय ते आपल्या हातून व्हायला हवं असतं. या 'आपल्या हातून'ला त्यांनी ऊब म्हटलं. आपण म्हणतो, "देऊन बरं वाटलं." यात कुणाला स्वार्थ दिसतो, मला दिसत नाही. २००८ साली व्हँकुव्हरमध्ये काही लोकांना सकाळी पाकिटातून पाच किंवा वीस डॉलर दिले. निम्म्यांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करा. निम्म्यांना सांगितलं, दुसऱ्यावर करा. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खुशीत होते, आणि पाच की वीस यानं फरक पडला नव्हता. वारीच्या वाटेवर केळी वाटत उभ्या असलेल्या माणसाचं तोंड बघा, प्रयोगाची गरज पडणार नाही.

आता तुमच्या तक्त्यांकडे येतो.

डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ चा प्रयोग माझ्या धंद्यातल्या प्रत्येकानं पाठ करावा असा आहे. एका सर्वेक्षणाबद्दल लोकांना पाच डॉलर मिळाले. मग एक पत्रक देऊन त्यांना विचारलं, यातले काही 'सेव्ह द चिल्ड्रन' या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देता का? काहींच्या पत्रकात आफ्रिकेतल्या दुष्काळाची आकडेवारी होती. त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींच्या पत्रकात मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीची हकीकत होती. त्यांनी २.३८ दिले, दुपटीहून अधिक. तिसऱ्या गटाला रोकियाची हकीकत आणि आकडेवारी दोन्ही दिली. तुम्ही-मी म्हणू, इथे सर्वांत जास्त मिळाले असतील. मिळाले १.४३. आकडे शेजारी येऊन बसले आणि रोकियाचा हात सुटला.

तुमच्या अहवालात पान ७ वर एका मुलीचं फक्त एक वाक्य आहे. आईवडील कारखान्यावर गेल्यावर ती धाकट्या भावाला घेऊन आजीकडे राहायची आणि शाळा सुटल्यावर भाकऱ्या थापायची. त्याच्या वर तक्ता, खाली तक्ता. तिला तुम्ही दोन भिंतींच्या मध्ये उभं केलंय.

आकडा मोठा केला की कणव वाढते, हा भ्रमही सोडा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लोकांना विचारलं होतं की तेलाच्या उघड्या तळ्यांत बुडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला तुम्ही किती द्याल. पक्षी दोन हजार म्हटल्यावर सरासरी ८० डॉलर, वीस हजार म्हटल्यावर ७८, दोन लाख म्हटल्यावर ८८. मनात चित्र येतं ते पंख तेलात भिजलेल्या एका पक्ष्याचं. पुढची शून्यं त्या चित्रात मावत नाहीत. म्हणून 'लाखो मुलं शिक्षणापासून वंचित' हे वाक्य सरकारला लिहायच्या निवेदनात ठेवा, तिथे त्याची जागा आहे.

पण इथे थांबून एक सांगायलाच हवं, कारण रोकियाची गोष्ट ऐकली की तरुण कार्यकर्ते थेट कॅमेरा काढतात. रडका चेहरा, फाटका सदरा, नाकात शेंबूड. अशा फोटोला पैसे मिळतात, मी नाकारत नाही. मीही एकदा असं केलंय. १२ वर्षांच्या एका मुलाचा तसा फोटो आम्ही पत्रकावर छापला, बऱ्यापैकी रक्कम जमली. सात-आठ वर्षांनी तो मुलगा आयटीआय करून कामाला लागला आणि ऑफिसात येऊन म्हणाला, "सर, ते पत्रक अजून आमच्या गावातल्या वाण्याच्या दुकानात लावलंय. काढायला सांगता का?" मी स्वतः जाऊन काढून आणलं. त्यानंतर आम्ही चेहऱ्याऐवजी वस्तूचा फोटो वापरू लागलो: पत्र्याची ट्रंक, तिच्यावर खडूनं लिहिलेलं मुलीचं पहिलं नाव, आत दोन फ्रॉक, वह्या आणि आईचा जुना रुमाल. पैसे कमी आले नाहीत. एकच मूल दिसायला हवं, पण त्याची लाज निघायला नको. आनंदवनानं माणसं जोडली ती कुष्ठरुग्णांच्या जखमा दाखवून नव्हे. त्यांनी पिकवलेलं, विणलेलं, बांधलेलं दाखवून जोडली. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमछावणीत तरुणपणी घमेली उचललेली माणसं मला पन्नाशीत देणगीदार म्हणून भेटतात. आधी घाम दिला, मग पैसे.

यावरून मुठीची गोष्ट आठवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं, हे आपल्याकडे शाळेतच सांगतात. त्यामानानं मुष्टिफंडाबद्दल कमी बोललं जातं. घरातल्या बाईनं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं, ते गोळा होऊन मुलांच्या पोटात जायचं. निधी उभारणारा म्हणून मला यात तीन गोष्टी दिसतात. मूठ कुणालाही परवडते. ती रोजची असते, त्यामुळे देणं हा प्रसंग न राहता सवय होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट, ती नवऱ्याच्या खिशातून जात नाही. पैसा पुरुषाच्या हातात असलेल्या काळात धान्याचा डबा बाईच्या हातात होता. भाऊरावांनी दार ठोठावलं ते स्वयंपाकघराचं. माझी आजी साताऱ्याकडची. तिला वाचता येत नव्हतं, पण "आमच्या मुठीवर पोरं शिकली" हे ती मोजून दहा वेळा तरी सांगायची.

त्याच्याही आधीचा पैसा फंड बघा. अंताजी दामोदर काळे यांची ही कल्पना, टिळकांनी ती उचलून धरली. स्वदेशी उद्योगासाठी माणशी एक पैसा. रुपयाचे पैसे तेव्हा चौसष्ट, म्हणजे मागणी किती क्षुल्लक ते लक्षात घ्या. त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचकारखाना उभा राहिला. आता अमेरिकेत या. १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी आणि डेव्हिड श्रोडर यांनी कर्करोग संस्थेसाठी दारोदार मागताना एकच वाक्य जोडून पाहिलं: "एक पेनीसुद्धा उपयोगी पडेल." देणाऱ्यांचं प्रमाण २९ वरून ५० टक्क्यांवर गेलं, आणि लोकांनी पेनी काढून दिली नाही, नेहमी देतात तेवढंच दिलं. "आमची एवढी ऐपत नाही" ही पळवाट त्या वाक्यानं बंद केली, पण अपमान न करता. काळ्यांना हे जवळजवळ सत्तर वर्षं आधी कळलं होतं आणि त्यांनी त्याचा निबंध न लिहिता कारखाना काढला.

तुमच्या पत्रकात किमान देणगी 'एका मुलाचा हंगामाचा खर्च' म्हणून अठरा हजार लिहिली आहे. शिक्षिका, एसटीतले कंडक्टर, निवृत्त तलाठी, ज्यांच्या घरात ऊसतोडीची खरी ओळख आहे, ते हा आकडा वाचून पत्रक घडी घालून ठेवतात. एका दिवसाच्या जेवणाचा आकडा लिहा. त्याखाली लिहा, एका भाकरीचे दिलेत तरी चालतील.

आता आकड्यांबद्दल एक जुना धडा. वर सांगितलेल्या शाळेच्या खोल्यांसाठी आम्ही पहिल्या दिवशी सरपंचांकडे गेलो, मानाचं म्हणून. ते घाईत होते. त्यांनी एकावन्न रुपये काढून दिले. पावती क्रमांक १, एकावन्न. पुढच्या घरी गेलो तर त्या गृहस्थांनी पुस्तक हातात घेतलं, मागची स्थळप्रत उलटली, सरपंचांचा आकडा पाहिला आणि एकवीस रुपये दिले. सरपंचांपेक्षा जास्त द्यायचे म्हणजे आगाऊपणा. पुस्तक संपेस्तोवर एकवीस आणि एकावन्न यांच्या पुढे गाडी गेली नाही. पुढच्या वर्षी एका म्हाताऱ्या अनुभवी मास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पहिली पावती कुणाची फाडलीस?" तेव्हापासून नवं पुस्तक मी आधी अशा माणसाकडे नेतो जो सढळ आहे आणि ज्याच्याशी बरोबरी करण्यात कुणाला संकोच वाटत नाही. गावातला सर्वांत श्रीमंत माणूस शक्यतो टाळतो. त्याची रक्कम बघून बाकीचे म्हणतात, "त्यांचं काय, त्यांना काय कमी आहे." अमेरिकेतल्या एका रेडिओ केंद्रासाठी शँग आणि क्रोसन यांनी हेच तपासलं. देणगी द्यायला फोन करणाऱ्याला "आत्ताच एका श्रोत्यानं तीनशे डॉलर दिले" एवढं सांगितलं की देणगी सरासरी बारा टक्क्यांनी वाढायची. अर्थात ते खरं असायला हवं. खोटी पहिली पावती फाडणारेही पाहिलेत. गावात अशी गोष्ट आठ दिवसांत फुटते.

"कोणी एक रुपया दिला की आम्ही त्यात एक घालू" असं सांगणारा दाता मिळाला तर जरूर घ्या, त्यानं देणारे वाढतात. तो तिप्पट घालायला तयार आहे का यावर वेळ घालवू नका. पन्नास हजार पत्रांच्या एका अमेरिकन प्रयोगात एकास एक आणि एकास तीन यांचा परिणाम सारखाच निघाला होता.

नावाविषयी तुमचा सूर मला थोडा तुच्छतेचा वाटला. "काही जण फक्त पाटीसाठी देतात," असं तुम्ही लिहिलंय. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. चार वर्षांनी सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज शंभर वर्षांनी त्या पाटीखालून मुली आत जातात. पाटी नसती तर जास्त शुद्ध झालं असतं का? मला नाही वाटत.

आणि आपल्याकडच्या पाट्या नीट वाचा. शाळेतल्या पंख्याच्या पात्यावर, गोदरेजच्या कपाटावर, पाणपोईवर, देवळाच्या पायरीवर काय लिहिलेलं असतं? 'कै.' अमुक यांच्या स्मरणार्थ. देणाऱ्याचं नाव खाली, बारीक अक्षरात. एका गृहस्थांना मी गमतीनं म्हटलं होतं, पंखा फिरायला लागल्यावर वडिलांचं नाव कोण वाचणार? ते म्हणाले, "लाईट गेल्यावर वाचतील." त्या माणसाच्या वडिलांनी लहानपणी वार लावून जेवून शिक्षण केलं होतं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या सात घरांचं देणं फेडायला आता ती घरं उरली नव्हती, म्हणून आमची शाळा.

सव्वीस वर्षांत मला नियमित देणारे जे भेटले, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मागे असं एखादं जुनं देणं निघालं. कुणाची फी एका शिक्षकांनी भरली होती. कुणाच्या आईवर एका धर्मादाय दवाखान्यात उपचार झाले होते. कुणाची बहीण शाळा सोडून शेतात गेली, हा शिकला. ते तुमच्या मुलांकडे पाहून देतात, पण त्यांना दिसतं ते दुसरंच मूल. ते कोणतं, हे विचारायला जाऊ नका; ते स्वतःहून सांगेपर्यंत थांबा. पण एकदा सांगितलं की वहीत टिपून ठेवा. आणि तारीखही टिपा. पुण्यात 'देणे समाजाचे' हे संस्थांचं प्रदर्शन पितृपक्षात भरतं, यामागे शहाणपण आहे. ज्या पंधरवड्यात लोक नवी खरेदी टाळतात, त्याच दिवसांत गेलेल्या माणसांसाठी काही करावं असं त्यांच्या मनात असतं. तिथीचं अन्नदान ही आपल्याकडची सर्वांत टिकाऊ देणगी योजना आहे. एकदा ठेव द्या, दरवर्षी त्या तिथीला तुमच्या आईच्या नावानं मुलं जेवतील. तुम्ही वसतिगृह चालवता आणि तुमच्याकडे तिथीची वहीच नाही, याचं मला नवल वाटलं.

तुमच्या अडचणीत एक भाग खास अवघड आहे, तोही बोलून टाकतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, तेव्हा लोकांनी न मागता दिलं. ट्रकच्या ट्रक आले, त्यात नेसवणार नाहीत अशा साड्याही आल्या. अचानक आलेलं संकट एका दिवसाचं असतं, त्याला तारीख असते, आणि त्यात कुणाची चूक नसते. ऊसतोड दरवर्षीची. तिला तारीख नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात कुठे तरी येतं, "मग हे लोक जातात कशाला?" या प्रश्नाला चिडू नका. तारीख मात्र तुम्ही निर्माण करू शकता. दिवाळीच्या आगेमागे ज्या दिवशी गावातून पहिला ट्रॅक्टर बिऱ्हाडं भरून निघतो, तो तुमचा दिवस. त्या दिवशी, त्या ट्रॉलीच्या मागे राहिलेल्या एका मुलाबद्दल, पाच ओळी पाठवा. जूनमध्ये अहवाल पाठवून काय होणार, तेव्हा आईबाप घरी परतलेले असतात.

पगाराचा प्रश्न. "माझा पैसा मुलांपर्यंतच जाईल ना?" हे तुम्हाला प्रत्येक जण विचारतो, आणि तुम्ही "शंभर टक्के" म्हणता. हे खोटं आहे. तुमच्या अधीक्षिका बाई हवा खाऊन राहत नाहीत. गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः खापराचं गाडगं आणि चिंध्यांची गोधडी घेऊन हिंडले. ते चित्र आपल्या मनात इतकं खोल आहे की समाजकार्य करणाऱ्याच्या पायात बरी चप्पल दिसली तरी देणाऱ्याचा हात अडतो. मी या मानसिकतेशी भांडून थकलो. उपाय एकच सापडला: आस्थापना खर्च उचलणारे दोन-तीन समजूतदार दाते वेगळे शोधायचे आणि बाकीच्यांना तसं उघड सांगायचं, पगार अमुक लोकांनी उचललेत, तुमचे पैसे जेवणात जातील. उरी नीझी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली चाळीस हजार लोकांना पत्रं पाठवून पाहिलं, तेव्हा असं सांगितलेल्या गटानं बरोबरीची भर घालण्याचं आश्वासन मिळालेल्या गटापेक्षाही जास्त दिलं. असे दाते कुठे मिळतात? स्वतः छोटा कारखाना किंवा दुकान चालवलेल्या माणसांत. पगार वेळेवर देणं म्हणजे काय, ते त्यांना माहीत असतं.

८० जी बद्दल फार अपेक्षा ठेवू नका. करसवलतीमुळे माणूस देत नाही, मार्चमध्ये देतो, एवढंच. नव्या कररचनेत ती वजावट मिळत नाही. आमच्याकडे त्यामुळे काहींनी रक्कम कमी केली, बहुतेकांनी नाही. दोन हजारांवरची रोख रक्कम वजावटीला चालत नाही, तेवढं पावती फाडताना आधीच सांगा, नंतर वाद नको.

घाईचं मात्र मनावर घ्या. १९७३ साली प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषणाला पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १०. काहींच्या भाषणाचा विषयच वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या शेजाऱ्याची बायबलमधली कथा हा होता, त्यानंही फारसा फरक पडला नाही. तुमचा देणगी फॉर्म दोन पानी आहे. त्यात जन्मतारीख कशासाठी विचारलीय, मला कळलं नाही.

शेवटी एकदाच देणाऱ्यांविषयी. आमच्याकडे एक निवृत्त कारकून होते, दर जूनमध्ये पाचशे एक रुपये आणून द्यायचे, चौदा वर्षं. पंधराव्या वर्षी आले नाहीत. मला वाटलं, तब्येत. दोन वर्षांनी रस्त्यात भेटले तेव्हा कळलं, शेवटच्या पावतीवर आम्ही त्यांच्या आईचं नाव चुकीचं लिहिलं होतं. त्यांनी फोन करून सांगितलं, आमच्याकडच्या मुलानं "बघतो" म्हणून ठेवून दिला. मी त्याच संध्याकाळी दुरुस्त पावती घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, पावती घडी करून देवघरात ठेवली. पैशाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. पुढच्या जूनमध्ये ते आले.

तर नवं पत्रक छापायच्या आधी हे करा. गेल्या तीन वर्षांच्या स्थळप्रती काढा. ज्यांनी एकदाच दिलं त्यांची यादी करा. तुमच्या आकड्यांवरून ते दीडशेच्या आत असतील. रोज पाच फोन. पैसे मागायचे नाहीत. त्यांचे पैसे आले त्या हंगामात वसतिगृहात राहिलेलं एखादं मूल आता कितवीत आहे, तेवढं सांगायचं, नाव आणि पत्ता बरोबर आहे का विचारायचं आणि ठेवायचा. हे फोन तुम्ही स्वतः करा, नाहीतर अधीक्षिका बाईंना करायला सांगा. त्यांना ती मुलं नावानिशी ठाऊक आहेत, विश्वस्तांना नाहीत. महिन्याभरानं ती वही घेऊन मला फोन करा, मग पहिली पावती कुणाची फाडायची ते ठरवू.